मथळ्यांतले ठळक भौमितिक अक्षर : थोडी बाजू, थोडी हरकत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांचे मथळे अलीकडे जाड, जवळजवळ एकसारख्या रेघेच्या आणि वर्तुळ व सरळ रेषा यांवर बेतलेल्या अक्षरांत छापले जात आहेत. वाचकांच्या पत्रांत त्यावर जो नाराजीचा सूर उमटला, त्याचा रोख मुख्यतः असा आहे की, हे वळण परके आहे, बोरूच्या अक्षराची ऐट त्यात नाही आणि मराठी वृत्तपत्राला ते शोभत नाही. अक्षरजुळणी आणि छपाई यांत नोकरीची सारी वर्षे काढलेला एक वाचक म्हणून मला ही टीका पटत नाही. वळण कुठून आले याला मी फारसे महत्त्व देत नाही. ते कुठे, केवढ्या आकारात आणि कोणत्या शब्दांसाठी वापरले जाते, हे पाहिले पाहिजे, आणि त्या बाबतीत मात्र आपल्या पुरवण्यांत काही गोष्टी खटकतात. त्या नेमकेपणाने मांडाव्यात म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

या वळणाचे कूळ जर्मनीतले. पहिल्या महायुद्धानंतर तेथील कलाशाळांत आणि छापखान्यांत असा विचार जोर धरू लागला की, यंत्रयुगातील अक्षराने लेखणीची आठवण बाळगण्याचे कारण नाही; वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या सामग्रीवर ते उभे राहिले पाहिजे. हर्बर्ट बायर यांनी १९२५ साली बाउहाउस या जर्मन कलाशाळेत फक्त लहान लिपीची (a, b, c), कंपास आणि पट्टी यांनी काढलेली वर्णमाला मांडली. पाउल रेन्नर यांचा ‘फुटुरा’ हा टाइप १९२७ साली फ्रांकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे पाडणाऱ्या कारखान्याने, विक्रीस आणला आणि रुडोल्फ कोख यांचा ‘काबेल’ही त्याच वर्षीचा. रेन्नर यांच्या सुरुवातीच्या आराखड्यांत भूमितीचा हट्ट इतका टोकाला गेला होता की, लहान लिपीतला ‘आर’ म्हणजे एक उभी काठी आणि तिच्या शेजारी एक ठिपका एवढाच उरला होता. नेहमीच्या वापरात असली रूपे मागे पडली आणि मोठ्या लिपीची प्रमाणे जुन्या रोमन शिलालेखांच्या वळणावर राहिली. ज्याला आपण यंत्रयुगाचे अक्षर म्हणतो त्याच्या मुळाशी असा जुना बांधा आहे, हे परकेपणाची तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कंपासने काढलेले वर्तुळ डोळ्याला नीट वाटत नाही, ही या वळणाची मूळ अडचण आहे. सारख्याच उंचीच्या चौकोनाशेजारी ठेवलेले वर्तुळ लहान दिसते, म्हणून ते वरून आणि खालून किंचित बाहेर काढावे लागते. आडवी रेघ तेवढ्याच मापाच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून ती थोडी बारीक ठेवावी लागते. गोलाई जिथे उभ्या दांड्याला येऊन मिळते, त्या सांध्यापाशी काळा डाग साचतो. तिथे रेघ निमुळती करावी लागते. फुटुरात हे सारे केलेले आहे आणि तरीही तो पाहणाऱ्याला निखळ भूमितीचा वाटतो. अक्षराचे वजन, म्हणजे रेघेची जाडी, वाढवत नेले की हे काम फार कठीण होत जाते, कारण रेघ जाड होताना बाहेर पसरायला जागा थोडी असते आणि ती उरलेली जाडी आतल्या पोकळीतून वसूल करते. ठळक अक्षर काढणाऱ्याचे अर्धे कौशल्य काळ्या रेघेत असते आणि अर्धे त्या रेघांमध्ये उरलेल्या पांढऱ्यात.

पाश्चात्त्य देशांत हे अक्षर जिथे शोभले, तिथे शब्द थोडे होते. १९६० च्या दशकातील फोक्सवॅगनच्या अमेरिकेतील जाहिरातींत फुटुराची दोन-चार शब्दांची ओळ आणि तिच्याभोवती भरपूर कोरी जागा असे. अपोलो ११ मोहिमेने १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या फलकावरचा मजकूर फुटुराच्या मोठ्या लिपीतच आहे. बार्बरा क्रूगर या अमेरिकी चित्रकर्तीने लाल पट्टीवर पांढऱ्या, तिरक्या, ठळक फुटुरातील लहान वाक्ये छायाचित्रांवर चिकटवून आपली सारी ओळख घडवली. उलट ‘आव्हांगार्द’ या टाइपाची हकिगत सावध करणारी आहे. हर्ब लुबालिन यांनी १९६८ साली एका नियतकालिकासाठी नाममुद्रा (लोगो) रेखाटली. तिच्यातील तिरक्या दांड्यांची अक्षरे एकमेकांत अशी घट्ट बसवलेली होती की, ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. १९७० मध्ये टॉम कार्नेस यांच्या साहाय्याने तिचा संपूर्ण टाइप झाला, जोडून बसणारी अक्षरेही त्यात देण्यात आली, आणि मग ती जोडअक्षरे ज्या शब्दांसाठी मुळीच घडलेली नव्हती त्या शब्दांतही लोक ती कोंबू लागले. नाममुद्रेत जे देखणे होते ते दुकानांच्या नावांत विस्कटलेले दिसू लागले. नाममुद्रेसाठी रेखाटलेले अक्षर आणि रोजच्या मथळ्यांसाठी घडवलेले अक्षर, ही दोन वेगळी कामे आहेत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे आयुष्यभर हाताने रेखाटली ती त्या त्या शब्दांपुरती. त्यांच्या एखाद्या शीर्षकाचे अक्षर उचलून कुणी त्यात बातमीचा मथळा जुळवायचे म्हटले असते, तर ते दोन शब्दांतच अडले असते.

आता देवनागरीकडे येतो, कारण आपल्या पुरवण्यांचा खरा प्रश्न तिथे आहे. बोरू तिरका कापलेला असतो, त्यामुळे एकाच अक्षरात रेघ जाड-बारीक होत जाते, आणि लॅटिन, म्हणजे इंग्रजी ज्या लिपीत लिहितात तिच्या, टाकाची तिरपी व देवनागरीच्या बोरूची तिरपी परस्परविरुद्ध असल्यामुळे जाड-बारीकपणाचा कलही उलटा पडतो. भौमितिक वळण हा जाड-बारीकपणाच काढून टाकते. एवढ्याने देवनागरीचे फार नुकसान होत नाही, कारण या लिपीत वर्तुळ आधीपासून आहे. ठ जवळजवळ पूर्ण गोल आहे, ट, ढ, द, छ हे गोलाचेच तुकडे आहेत, व आणि ब यांच्या पोटात तो आहे, आणि शून्य, चार, सात हे अंक तर कंपाससाठीच जन्मलेले वाटतात. काना सरळ, शिरोरेषा सरळ. क्रीडा पुरवणीत धावसंख्या या अक्षरात छापली की पान उठून दिसते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

अडचण गाठींपाशी सुरू होते. देवनागरीची कित्येक अक्षरे एकमेकांपासून ओळखू येतात ती एखाद्या लहानशा गाठीमुळे, तिरक्या रेघेमुळे किंवा शिरोरेषेतल्या खंडामुळे. ब आणि व यांत फरक पोटातल्या एका तिरप्या रेघेचा आहे; ष आणि प यांचेही तसेच. थ आणि य यांना डोक्याकडची गाठ वेगळे करते. घ आणि ध, म आणि भ या जोड्यांत तर शिरोरेषा अखंड आहे की तुटलेली आहे आणि डावीकडे गाठ आहे की नाही, यावरच सारे अवलंबून असते. सडपातळ अक्षरात या खुणा आपोआप दिसतात. रेघ जाड झाली की गाठीतला पांढरा ठिपका बुजतो, शिरोरेषेतला खंड भरून येतो, आणि ‘भरती’ लांबून ‘मरती’ वाचली जाते. पोलीस भरतीच्या बातमीवर हे घडले तर हसावे की चिडावे, हे वाचक ज्याचे त्याने ठरवेल. ‘वाद’ आणि ‘बाद’, ‘धडा’ आणि ‘घडा’, ‘धाव’ आणि ‘घाव’ या शब्दांनी मथळ्यांत नेहमीच वावरावे आणि नेमके त्यांनाच हे अक्षर फसवे ठरावे, हा योगायोग बरा नव्हे. ख हे अक्षर भूमितीच्या शिस्तीत मोकळे ठेवले की र आणि व असे दोन भाग होऊन वेगळे पडते, आणि ‘खाते’ उघडले की ‘रवाते’, ते कळत नाही. ळ हे दोन वर्तुळांचे अक्षर. ती दोन्ही पूर्ण गोल ठेवली तर त्याचा चष्मा होतो आणि शेजारच्या अक्षरांच्या दुप्पट रुंदी तो एकटाच खातो. मराठीत ळ किती वेळा येतो हे वेगळे सांगायला नको.

याहून अधिक त्रास उभ्या दिशेने होतो. लॅटिनच्या मोठ्या लिपीतला मथळा वरून खालून समतल पट्टीसारखा बसतो. देवनागरीला शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि चंद्र असतात, खाली उकार आणि ऋकार असतात, आणि मधल्या पट्टीत जोडाक्षरे एकाखाली एक उतरतात. ‘उद्ध्वस्त’, ‘क्लिष्ट’, ‘ब्राह्मण’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘कर्मचाऱ्यांसाठी’ हे शब्द जाड अक्षरात जुळवून पाहिले की, कोणता टाइप समजून घडवला आहे आणि कोणता घाईत, हे लगेच उघडे पडते. ठळक टाइपात मात्रा आणि वेलांट्या मुद्दाम बुटक्या ठेवलेल्या असतात, रफार चेपलेला असतो. तरीही दोन ओळींच्या मथळ्यात मांडणीकाराने ओळींमधली जागा इंग्रजी पानाच्या सवयीने आवळली, तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकींना जाऊन भिडतात. आपल्या पुरवण्यांत हे अनेकदा दिसले आहे. अशा वेळी टाइप दोषी ठरवला जातो, पण दोष मांडणीचा असतो.

देवनागरीत हे काम नीट होऊ शकते, याचे चांगले उदाहरण ‘पॉपिन्स’ हे आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये तो तयार केला. त्याची देवनागरी निनाद काळे यांची आणि लॅटिन जॉनी पिनहॉर्न यांची. अतिबारीकपासून अतिजाडपर्यंत नऊ वजने, प्रत्येकात मराठी, हिंदी, नेपाळी यांना लागणारी जोडाक्षरे धरून हजाराहून अधिक आकार, आणि खुल्या परवान्यामुळे कुणालाही विनाशुल्क वापर. त्याच्या देवनागरीचा पाया लॅटिनइतकाच वर्तुळावर आहे, पण जिथे रेघा एकमेकींना मिळतात तिथे त्या डोळ्याच्या सोयीसाठी बारीक केलेल्या आहेत. दोन लिपींची उंची जुळवताना केलेला विचार मला विशेष आवडतो. देवनागरी अक्षराची मूळ उंची लॅटिनच्या लहान लिपीतील उंच दांड्यांइतकी ठेवली आहे आणि लॅटिनची मोठी लिपी देवनागरीपेक्षा थोडी बुटकी आहे. त्यामुळे एका ओळीत दोन्ही लिपी आल्या तरी मराठी शब्द इंग्रजी शब्दाच्या शेजारी दबून बसत नाही. जुन्या पाट्यांवर आणि वेष्टनांवर नेमके ते होत असे.

दुसऱ्या टोकाला मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मोदक’ आहे, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला. त्यात वजन इतके वाढवले आहे की, अक्षरांच्या पोकळ्यांच्या जागी केवळ केसाएवढ्या फटी उरल्या आहेत. वर्तुळ आणि पट्टी यांची शिस्त त्यात नाही, फुगवट्याची आहे. पण ठळकपणाच्या मर्यादेचा अभ्यास म्हणून मला तो मोलाचा वाटतो, कारण अक्षर ओळखायला किती पांढरे पुरते याचे उत्तर त्याने दिले आहे. लहान मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, मिठाईच्या खोक्यावर, गणेशोत्सवाच्या फलकावर तो सुरेख दिसतो. त्याच गटाचा ‘बालू’ तुलनेने माफक आणि गोलसर आहे, आणि तो अनेक भारतीय लिपींत उपलब्ध असल्यामुळे बहुभाषिक फलकांना उपयोगी पडतो. हे दोन्ही टाइप मराठी हातांतून आले आहेत. त्यांना परके म्हणणे अन्यायाचे होईल. मुळात मुंबईत देवनागरीचे छपाईचे खिळे घडवण्याची परंपरा जुनी आहे. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, आणि त्याच्या अक्षरांची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही होती. पुढे र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने मुंबईच्या आयआयटीत शिकवले आणि संगणकासाठी देवनागरी टाइपही घडवले. या क्रमात आजची मंडळी येतात.

आता आपल्या पुरवण्यांविषयी. पहिली हरकत आकाराची आहे. हे अक्षर प्रदर्शनासाठी असते, म्हणजे मोठ्या आकारात आणि थोड्या शब्दांत पाहण्यासाठी. पुरवणीचे नाव, पहिल्या पानाचा मुख्य मथळा, एखादा मोठा अंक, इतपत ते उत्तम. पण अलीकडे चौकटींतले उपमथळे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि लेखातून उचललेली वाक्येही त्यातच येऊ लागली आहेत. वृत्तपत्री कागद शाई शोषून घेतो आणि तिची कड पसरते. संगणकाच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी गाठ छापील अंकात भरून निघते. काळ्या किंवा रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरे सोडली की परिणाम आणखी वाईट होतो, कारण आजूबाजूची शाई अक्षरात शिरते आणि चार रंगांपैकी एकही रंग केसभर सरकला तर शिरोरेषेच्या कडेला निळी-तांबडी झालर उमटते. मथळ्याच्या आकारात हे खपून जाते, चौकटीतल्या ओळीत खपत नाही.

दुसरी हरकत बातमीच्या स्वभावाची आहे. जाड आणि गोल अक्षर प्रसन्न दिसते, थोडे खेळकरही दिसते. चित्रपट, खाद्यपदार्थ, क्रीडा, मुलांचे पान यांना ते साजते. पण पावसाळ्यात दरड कोसळून माणसे दगावल्याची बातमी, एखाद्या लेखकाची श्रद्धांजली किंवा न्यायालयाचा निकाल त्याच गुबगुबीत अक्षरात आला की मजकूर आणि अक्षर यांची फारकत होते. मुख्य अंकातील आपले नेहमीचे मथळ्याचे अक्षर कोरडे असेल, पण त्या कोरडेपणात संयम आहे. सगळ्याच पानांना एकच अक्षर चालवायचा मोह वाढत चालला आहे असे दिसते, आणि तो आवरला पाहिजे.

तिसरी हरकत तांत्रिक वाटेल, पण ती सर्वांत सहज दुरुस्त होण्यासारखी आहे. काही मथळ्यांत मूळ जाड वजन न वापरता मध्यम वजनाच्या अक्षराला संगणकावर बाहेरून रेघ चढवून ते जाड केलेले दिसते. अशी चढवलेली रेघ सगळीकडे सारखीच फुगते. सांध्यापाशी आणि गाठीपाशी जी काळजी टाइप घडवणाऱ्याने घेतलेली असते, ती सगळी पुसली जाते. मथळा रकान्यात बसत नाही म्हणून अक्षरे आडवी दाबण्याचाही प्रकार आहे, आणि त्यात वर्तुळाचे लंबवर्तुळ होऊन भौमितिक अक्षराचे कारणच संपते. त्यासाठी निराळी अरुंद ठळक अक्षरे आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचेच ‘टेको’ आणि ‘खंड’ हे उंच, चौकटदार टाइप रकान्याच्या मथळ्याला सरळ बसतात. अक्षरांमध्ये अंतर वाढवून मथळा ताणण्याविषयी तर बोलायलाच नको. इंग्रजीत त्याने शब्द हवेशीर होतो, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. शिरोरेषा मुळीच न ठेवण्याची टूम काही नाममुद्रांत दिसते. एका शब्दापुरती ती चालेल, पण घ-ध आणि म-भ यांची वाट ज्या रेषेमुळे वेगळी होते, ती काढून मथळे चालवता येणार नाहीत.

यातच मराठीच्या स्वतःच्या अक्षररूपांचा मुद्दा येतो. मुंबई वळणाचे अ, झ आणि ण आता हिंदी छपाईतही रुळले आहेत. पण पाकळीचा ल आणि देठाचा श ही अजून मराठीची खूण आहे, आणि राज्य शासनाने २००९ च्या प्रमाण वर्णमालेच्या निर्णयात त्यांचाच स्वीकार केला आहे. चांगल्या देवनागरी टाइपात दोन्ही रूपे ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी रूपे आपोआप येतात. भाषा नोंदवलीच नाही तर हिंदी रूपे येतात, आणि मग आपल्याच पुरवणीत एका पानावर एक ल आणि पुढच्या पानावर दुसरा ल दिसतो. सडपातळ अक्षरात हे नजरेआड होईल. मथळ्याच्या आकारात होत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र तसाच, केवळ मराठीला लागणारा. काही टाइपांत तो इतका चेपलेला असतो की ‘शेतकऱ्या’ आणि ‘शेतकया’ यांत फरक करायला वाचकाला थांबावे लागते. ज्या वृत्तपत्राच्या मथळ्यांत शेतकरी रोज येतो, त्याने टाइप निवडताना हे एक अक्षर सर्वांत आधी पाहावे.

पत्र पुरवण्यांविषयी आहे, तरी दुकानांच्या पाट्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तिथे हेच अक्षर सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत कमी विचार करून वापरले जाते. राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षरे आधी असावीत आणि त्यांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर पाट्या झपाट्याने बदलल्या. पण नियम आकारापुरता बोलतो, वजनाविषयी नाही. परिणामी इंग्रजी नाव भरघोस ठळक भौमितिक अक्षरात आणि त्याच्यावर मराठी नाव संगणकात आधीपासून असलेल्या किरकोळ अक्षरात, अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. उंची मोजली तर दोन्ही सारख्या, कारण मराठीची उंची वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत धरलेली असते. प्रत्यक्षात शिरोरेषेखालचे अक्षर इंग्रजीच्या निम्म्याने भरते. कायद्याला यात बोट ठेवता येणार नाही, डोळ्याला मात्र येते. ज्या व्यापाऱ्याने इंग्रजी नावासाठी चित्रकाराला पैसे मोजले, त्याने त्याच वजनाचे मराठी अक्षर मागावे एवढीच अपेक्षा आहे. असे टाइप आज उपलब्ध आहेत, त्यातले काही फुकट आहेत, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. महापालिकांनी पाटीच्या तपासणीत शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंतची उंची मोजावी, मात्रा आणि उकार वगळून, असा साधा संकेत ठरवला तरी बरेच सुधारेल.

आपल्याकडून अपेक्षा याहून थोडी अधिक आहे, कारण वृत्तपत्राचे अक्षर रोज हजारो लोकांच्या डोळ्यांखालून जाते आणि छोटे मुद्रक त्याचे अनुकरण करतात. पुरवण्यांचे नवे अक्षर ठेवावे. त्याचा वापर पुरवणीच्या नावापुरता, मुख्य मथळ्यापुरता आणि अंकांपुरता असावा. उपमथळे आणि चौकटी यांना पूर्वीचे मध्यम वजनाचे अक्षर परत द्यावे. मुख्य अंकाचे मथळेही बदलण्याचा विचार असल्यास, त्याआधी ‘भरती’, ‘वादग्रस्त’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘उद्ध्वस्त’, ‘निर्णयांमुळे’, ‘विषय’, ‘खळबळ’ आणि ‘धाव’ हे शब्द नियोजित अक्षरात, नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या यंत्रावर, एकदा काळ्यावर पांढरे आणि एकदा पांढऱ्यावर काळे असे छापून पाहावेत. संगणकाच्या पडद्यावर ते पाहून समाधान मानू नये. ती चाचणी आपल्या वितरकांपैकी कुणा चष्मेवाल्या ज्येष्ठाला हातभर अंतरावरून वाचायला द्यावी, आणि शक्य झाल्यास ते पान एका रविवारच्या अंकात वाचकांसाठीही छापावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुद्रण कर्मचारी,
पुणे